संस्थावाले सदूतात्या

बारामतीच्या एस.टी. स्टँडवर मी उतरलो तेव्हा माझ्याजवळ एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि शाळेतल्या नेमणुकीचा कागद एवढंच होतं. ट्रंकेला हात घालणार तोच धोतर-कोटातल्या एका माणसानं ती उचलून खांद्यावर घेतली. मला वाटलं, हमाल असेल. मी विचारलं, "काय घेणार?" तो म्हणाला, "घेणार काय न्हाय. लिवता-वाचता येतं न्हवं?" मी मास्तर आहे म्हटल्यावर त्याच्या तोंडावर जो आनंद पसरला, तो पुढे माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांच्या तोंडावरही मला दिसला नाही. "मग चला बिगीबिगी, यकच माणूस कमी पडतुया," असं म्हणून तो ट्रंकेसकट पळत सुटला. ट्रंकेत माझे सगळे कपडे होते, त्यामुळे मलाही पळावं लागलं.

पळत पळत आम्ही पोचलो ते दोरखंडांच्या एका दुकानात. सुतळीच्या गठ्ठ्यांवर आणि चऱ्हाटांच्या वेटोळ्यांवर काही माणसं जांभया देत बसली होती. त्यानं ट्रंक खाली ठेवली, मला तिच्यावर बसवलं, बैलाच्या गळ्यातली एक जाडजूड घंटा वाजवली आणि जाहीर केलं, "गणसंख्या पुरी झाली. सभेला सुरुवात करावी." मला घोटभर चहा मिळायच्या आत मी बारामतीतल्या कुठल्याशा मंडळाचा सहचिटणीस झालो होतो. कुठल्या, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. लग्नकार्यासाठी भांडी देणारं मंडळ होतं ते, आणि माझं स्वतःचं लग्न तोवर ठरलंदेखील नव्हतं.

हे सदूतात्या. मूळचे इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीचे, पण दुकानाच्या निमित्तानं बारामतीत येऊन राहिलेले. वय पन्नाशीच्या अलीकडेपलीकडे, अंगानं काटक, आवाज मात्र पाटाच्या पलीकडच्या काठावर पोचणारा. धोतरावर सभेपुरता एक काळा कोट असे आणि तो कायम अंगावर असे, कारण सभा कायम असे. दोन माणसं तंबाखू मळायला जरी ओट्यावर टेकली, तरी तात्या तिसरे म्हणून जाऊन बसत, आणि दिवेलागणीपर्यंत त्या तिघांचं एक मंडळ झालेलं असे. भांड्यांचं मंडळ, तालमीचं मंडळ, वाचनालय, परगावच्या मुलांचं बोर्डिंग, भाकड जनावरांचा पांजरपोळ, मयताचं सामान पुरवणारं मंडळ. गावात कुठलीही संस्था घ्या, तिच्यात तात्या कशाचे तरी चिटणीस निघणारच. त्यात सरकारनं सगळ्या संस्थांची नोंदणी करायचा कायदा काढला. इतर गावच्या लोकांनी कपाळाला हात लावला. तात्यांनी पेढे वाटले.

मला लहानपणापासून सभांचा तिटकारा आहे. आमच्या मोरगावात दोन माणसं भेटली तर पाऊस कधी येणार एवढंच बोलतात आणि आपापल्या शेळ्यांमागं जातात. इथं बारामतीत पाटाचं पाणी आलेलं, लोकांच्या हातात चार पैसे आलेले, त्यामुळे बोलायला वेळ होता. मी तात्यांना एकदा तोंडावर म्हटलं, "तात्या, तुम्ही हे रिकामटेकड्यांचे उद्योग करता." त्यांना राग आला नाही. त्यांना राग फक्त सभेला उशिरा येणाऱ्याचा येई.

"मास्तर," ते म्हणाले, "दुकानदार करतुया ते नफ्यापायी. सरकार करतंय ते मतापायी. दोगांचंबी बरुबर हाय. पर बेवारशी मयताला खांदा द्यायचा, त्यात ना नफा ना मत. ते कुणाच्या खात्यात बसतंय सांगा?"

"ते आमच्या खात्यात," असं म्हणून त्यांनी चऱ्हाटाला एक पीळ दिला.

खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं मला हळूहळू पटायला लागलं होतं, पण तसं त्यांना सांगणं धोक्याचं होतं. पटलं म्हटलं की माणूस चिटणीस होई. संस्था नफा करत नाहीत, हे खरं. पण बारामतीतला छापखानेवाला तात्यांच्या पावत्या आणि हँडबिलांवर जगत होता. मांडववाला, आचारी, बोर्डिंगला रोज भाजी घालणारी कन्हेरी गावची माळीण, पांजरपोळाला कडबा पुरवणारे शेतकरी, या सगळ्यांच्या चुली कुठल्या ना कुठल्या मंडळामुळे पेटत होत्या. "यक दिस समद्या संस्था बंद ठिवा," तात्या म्हणत, "मग बघा. लगीन लागायचं न्हाय, मढं उचलायचं न्हाय, पोरगं शिकायचं न्हाय. आन त्या छापखानेवाल्याच्या घरी आमटीबी हुयाची न्हाय." नगरला, साताऱ्याला, सोलापूरला कुणाच्या लग्नाला गेले की तात्या अक्षता टाकून मांडवातून गायब होत आणि तिथली एखादी धर्मशाळा नाहीतर अनाथाश्रम पाहून येत. "साऱ्या राज्यात अशी माणसं बसल्यात, मास्तर. दिसत न्हाईत एवढंच. आमटीत मीठ दिसतंय का?"

त्यांचा एकच शत्रू होता, तो म्हणजे अपुरी गणसंख्या. सभेला ठरलेली माणसं भरली नाहीत तर सभा होत नाही, हा नियम त्यांनी अशा निष्ठेनं पाळला की गावातली माणसं त्यांना पाहून गल्ली बदलायची. एकदा त्यांनी न्हाव्यासमोरून एका सभासदाला उचलून आणलं. बिचाऱ्याचा एक गाल साबणात होता. तासभर तो तसाच बसला, ठरावाला हात वर करताना साबण सांडू नये म्हणून मान तिरकी धरून.

सगळ्या सभांचे अध्यक्ष कायमचे हसनभाई बागवान. त्यांचा पेठेत फळांचा गाळा होता. बोलणं कमी, पण तात्यांना आवरायची हिंमत अख्ख्या बारामतीत त्यांच्या एकट्याजवळ होती. तात्यांचं भाषण लांबलं की हसनभाई खिशातलं घड्याळ काढत. "तात्या, माझी केळी पिकाय लागली. आवरा." तात्या आवरत. मी हसनभाईंना विचारलं होतं, तुम्ही या भानगडीत कसे? ते हसले. "अध्यक्ष असा हवा मास्तर, ज्याला घरी जायची घाई आहे. नाहीतर सभा संपणार कशी?"

घरात मात्र तात्यांचं काही चालत नसे. राधाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, सभासदांना चहा करून करून कंटाळल्या होत्या. त्यांनी खूप आदळआपट केली, काही उपयोग झाला नाही. मग एके दिवशी त्यांनी दोन्ही सुनांना चुलीपुढं बसवलं, तात्यांना बोलावलं आणि त्यांची ती घंटा त्यांच्याच समोर वाजवली. "ठराव मांडते," काकू म्हणाल्या. "ह्यापुढं ह्या घरात सभा भरणार न्हाय." थोरलीनं अनुमोदन दिलं. धाकटीनं लाजत हात वर केला. तात्यांनी दोन मिनिटं विचार केला, हरकत कुठं घेता येईल ते पाहिलं आणि मान खाली घालून म्हणाले, "ठराव मंजूर." त्या दिवसापासून सगळ्या सभा दुकानात भरायला लागल्या आणि गिऱ्हाइकांना दोर मिळेनासा झाला.

या सगळ्या मंडळांत एक मंडळ मात्र तात्यांच्या काळजातलं होतं. निरवांगीला बाळंतपणासाठी एक घर व्हावं, तिथं एक शिकलेली नर्स असावी, यासाठी ते कित्येक वर्षं धडपडत होते. का, ते त्यांनी मला दुकानात सुतळी गुंडाळता गुंडाळता सांगितलं. त्यांची धाकटी बहीण अडली होती. तात्यांनी तिला गाडीत घालून बारामतीचा रस्ता धरला. "बैल चांगलं हुतं मास्तर, रस्ताबी कोरडा हुता. तरी पोचलो न्हाय. मीच हाकत हुतो गाडी." एवढंच बोलून ते उठले आणि गिऱ्हाइकाला नको असलेला दोर मापून देऊ लागले. त्या दिवसानंतर मी त्यांच्या सभांची टिंगल करायची बंद केली. निदान त्या एका मंडळाची तरी.

त्या मंडळाला जागा नव्हती. जागा होती सरूआक्कांकडे. निरवांगीच्या वेशीजवळ त्यांचं दोन प्रशस्त खोल्यांचं घर, पुढं मोठं अंगण. नवरा जाऊन जमाना झालेला, पोटी मूलबाळ नाही, आणि जीभ अशी की पाटीलसुद्धा त्यांच्या दारावरून जाताना पाय उचलून चालत. तात्या घर मागायला गेले. पण त्याच घरावर आक्कांचा पुतण्या बापू याचाही डोळा होता. त्याला तिथं इंजिनावरची पिठाची गिरणी घालायची होती, आणि खरं म्हणजे गावाला गिरणीही हवीच होती. बापूनं आक्कांच्या कानाला लागून सांगितलं, "काकी, ह्या तात्याचं मंडळ म्हंजी नुसता कागुद हाय. सभासद त्याच्या डोस्क्यात ऱ्हात्यात."

आक्कांनी तात्यांना बोलावून घेतलं. मी बरोबर होतो. "सदू," त्या म्हणाल्या, "मला कागुद वाचता येत न्हाय. माणसं वाचता येत्यात. येत्या सोमवारी तुझ्या मंडळाच्या माणसांनी माझं अंगण भरून दाव. भरलं, तर घर तुझ्या मंडळाचं. न्हाय भरलं, तर मंगळवारी बापूचं इंजिन येतंय."

तात्यांनी त्या सोमवारचं काय काय पाहिलं म्हणून सांगू! त्या दिवशी अमावस्या नाही, कुठं बाजार नाही, जत्रा नाही, पंचक्रोशीत लग्न नाही, कुणाच्या घरचं वर्षश्राद्ध नाही. घरोघर फिरून प्रत्येक सभासदाला त्यांनी गळ्याशपथ येतो म्हणायला लावलं. त्या आठवड्यात त्यांना झोप नव्हती. दुकानात बसल्या बसल्या ते एकदम म्हणत, "मास्तर, न्हाय भरलं तर?" मी म्हणे, भरेल. आणि मलाही भीती वाटे.

सोमवारी आम्ही एस.टी.नं आणि पुढं पायी निरवांगीला पोचलो. मी, तात्या आणि गळ्यात उपरणं टाकून हसनभाई. आक्कांचं अंगण सारवलेलं होतं. त्यात एक खुर्ची, एक टेबल आणि एक कुत्रं. दुसरं कुणी नाही. बापू मात्र सोप्यात पाय पसरून बसला होता आणि दात कोरत होता.

"काय झालं रं?" तात्यांनी विचारलं.

"पाणी आलंया," बापू म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं. "गुरुवारी यायचं त्ये पहाटंच सोडलं पाटकऱ्यानं. समदं गाव दारं धराय गेलंय."

ज्याला पाटाचं पाणी ठाऊक नाही त्याला यातलं काही कळायचं नाही. दारं धरणं म्हणजे पाटाचं पाणी वाफ्यावाफ्यात वळवणं. पाण्याची पाळी चुकली की पुढच्या पाळीपर्यंत पीक वाळतं. ज्याची पाळी चालू तो खोरं घेऊन वाफ्यात उभा, आणि ज्याची पुढची तो बांधावर डोळ्यांत तेल घालून, कारण मागच्यानं थोडा वेळ जास्त दार धरलं की डोकी फुटतात. अशा वेळी शेतकरी बापाच्या तेराव्यालाही घरी येत नाही, मग तात्यांच्या सभेला कुठला येतोय! तात्यांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. ते अंगणाच्या मधोमध उभे राहिले. मी त्यांना इतकं म्हातारं कधी पाहिलं नव्हतं.

हसनभाईंनी घड्याळ काढलं, पाहिलं, आणि परत खिशात ठेवलं. त्या दिवशी त्यांना कुठं जायची घाई नव्हती.

मग तात्यांनी नाक शिंकरलं. "सभा तहकूब न्हाय," ते म्हणाले. "सभा हलवतुया. आक्का, तुमाला माणसं खरी हाईत का त्येच बघायचं हाय न्हवं? मग माणसं हाईत तितं चला."

"अट अंगणाची हुती," बापू ओरडला.

"तू गप," आक्का म्हणाल्या. "मलाबी फाटा बघून साल झालं. गड्याला गाडी जुंपाय सांग."

अशी आमची वरात निघाली. पुढं गाडीत गादीवर सरूआक्का, मागं घंटा घेतलेले तात्या, डोक्यावर टेबल घेतलेले हसनभाई, डोक्यावर खुर्ची घेतलेला मी आणि शेवटी धुसफुसत बापू. एक शिकलेला मास्तर भर दुपारी डोक्यावर खुर्ची घेऊन धुळीतून चालतोय, हे माझ्या वडिलांनी पाहिलं असतं तर मला शाळेतून काढून शेळ्यांमागं पाठवलं असतं.

फाट्यावर, म्हणजे पाटापासून फुटलेल्या कालव्यावर, खरंच सगळं गाव होतं. गुडघाभर चिखलात, धोतरं वर खोचलेली, एकेक माणूस एकेका बांधावर, थेट नजर पोचेल तिथपर्यंत. तात्यांनी फाट्याच्या कडेला टेबल मांडलं, कोटाची बटणं लावली आणि सवयीनं घंटा वाजवली. ती घंटा बैलाची. आक्कांच्या गाडीच्या बैलांना वाटलं, चला म्हणतायत. ते जे निघाले ते आक्कांना घेऊन फाट्याच्या कडेकडेनं शेवटच्या शेतापर्यंत गेले. गाडीवानाच्या हातात कासरा नव्हता, तो तंबाखू मळत होता. आक्का गाडीत बसून प्रत्येक सभासदासमोरून गेल्या, आणि चिखलातला प्रत्येक सभासद खोरं टाकून त्यांना रामराम करत गेला.

तेवढ्यात इकडं सभा सुरू झालीही. तात्यांनी ठराव मांडला, पहिल्या शेतातल्यानं तो ओरडून दुसऱ्याला सांगितला, दुसऱ्यानं तिसऱ्याला. परतीच्या वाटेनं सूचना यायला लागल्या. कुणी विचारलं, जावयानं थांबायचं कुठं? कुणी विचारलं, नर्सबाईला दूध कोण घालणार? एकानं मध्येच शेजाऱ्याला शिवी दिली, ती सूचना आहे असं समजून तात्यांनी "अनुमोदन कोण देतंय?" असंही विचारलं. हात मात्र सगळ्यांनी वर केले, खोऱ्यासकट. तात्यांचा चेहरा उजळला. सभा झाली होती, गणसंख्या भरली होती.

गाडी वळवून आणली गेली. आक्का खाली उतरल्या, टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. "बरं झालं बैल गेलं त्ये," त्या म्हणाल्या. "परत्येकाचं त्वांड बघून आले. माणसं खरी हाईत, सदू."

तात्या बापूकडं पाहून हसले.

"पर ही समदी बाप्ये हाईत," आक्का म्हणाल्या. "ह्यातलं बाळंत कोण हुणार हाय?"

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी हसनभाईंकडं. इतक्या वर्षांत मंडळाची घटना तीनदा बदलून झाली होती, नियम-पोटनियम झाले होते, कोटाच्या खिशात पावत्या होत्या. आणि बाळंतपणाच्या घराच्या मंडळात एकही बाई सभासद नव्हती. कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तात्यांच्या नाही, हसनभाईंच्या नाही, आणि बारामतीचा सहचिटणीस असून इथंही पुढं पुढं करणाऱ्या माझ्याही नाही.

शेजारच्या रानात बायका खुरपत होत्या. त्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. त्यांतली चंद्रभागा नावाची एक धिप्पाड बाई खुरपं घेऊन बांधावर आली आणि पहिल्या शेतातल्या सभासदाकडं बोट करून म्हणाली, "ह्यो माझा मालक. हात वर करून ऱ्हायलाय बघा. माझं पयलं गाडीतच गेलं, तवाबी ह्योच हुता हाकाय. म्या तवाच सांगत हुते, गावात काय तरी करा. पर मला कोण सभेला बोलिवतंय!"

तिच्या नवऱ्यानं वर केलेला हात खाली घेतला. तात्यांनी टोपी काढली. सभेत त्यांनी टोपी कधी काढली नव्हती. "चूक झाली, बाई," ते म्हणाले. "माझी चूक झाली. माझी भैनबी अशीच…" आणि त्यांनी टोपीनंच डोळे पुसले.

"रडू नगंस," आक्का म्हणाल्या. "बाप्यांना पाणी सोडून येता येत न्हाय, बायांना येतंय. ह्यास्नी घाल सभासद, आन दिस बुडायच्या आत भर माझं अंगण."

उरलेला दिवस तात्या निरवांगीच्या रानातून पळत होते. मी मागून पावत्या फाडत होतो. बायकांजवळ रोख पैसे कुठले? कुणी ओटीतल्या शेंगा दिल्या, कुणी मूठभर जोंधळे. वर्गणी रोखच हवी असा नियम तात्यांनीच केलेला. ते पेचात पडले. हसनभाई म्हणाले, "शेंगा चालतील. अध्यक्ष या नात्यानं सांगतो. आणि नाही चालल्या तर मी विकून आणतो." संध्याकाळी आक्कांचं अंगण भरलं. काखेत पोरं, डोक्यावर गवताचे भारे घेऊन आलेल्या बायका सोप्यात बसल्या, पायरीवर बसल्या, बाहेर रस्त्यावर बसल्या. पहिल्या रांगेत बापूची बायको होती, दिवस भरत आलेली. बापूनं तिच्याकडं डोळे वटारून पाहिलं. तिनं मान दुसरीकडं वळवली. बापू उठला आणि गिरणीला दुसरी जागा शोधायला गेला. पुढं त्याची गिरणी रस्त्याला लागून चांगली चालली, हेही सांगायला हवं.

घर सुरू झालं, नर्स आली. आणि मग तात्यांनी तिचे हाल मांडले. दर आठवड्याला ते एस.टी.नं निरवांगीला जात आणि एक नवा नियम करून येत. बाळंतिणीनं दाखल होण्यापूर्वी सात दिवस अर्ज करावा, हा त्यांतलाच एक. नर्स म्हणाली, "तात्या, बाळ अर्ज वाचत नाही हो." तात्या म्हणाले, "मग बापानं वाचावा." नर्सनं दोनदा राजीनामा दिला आणि राधाकाकूंनी दोनदा तो परत घ्यायला लावला. काकू एव्हाना स्वतःच सभासद झाल्या होत्या आणि बाळंतिणींना आळीव-डिंक करून घालायला निरवांगीला मुक्काम करत होत्या.

वार्षिक सभा भरली, आक्कांच्याच अंगणात. काकू उभ्या राहिल्या. "ठराव मांडते," त्या म्हणाल्या. "चिटणीस सदूतात्या ह्यांनी लई कष्ट केलं. त्यांना धन्यवाद देऊन मोकळं करावं. इथून पुढं चिटणीस बाईमाणूसच असावी." चंद्रभागेनं अनुमोदन दिलं. सगळे हात वर झाले. मला संताप आला. मी हात विरोधात वर करणार तोच तात्या माझ्यावर खेकसले, "मास्तर, हात खाली! तुमी बारामतीच्या मंडळात. हितले मतदार न्हाय तुमी." मग त्यांनी घंटा वाजवली. "विरोधात कुणी? न्हाय. ठराव यकमतानं मंजूर." मग कोटाच्या खिशातल्या पावत्या काढून त्यांनी काकूंपुढं ठेवल्या.

परतीच्या एस.टी.त मी काकूंना म्हटलं, "हे बरोबर नाही केलंत." त्यांनी मला जागेवरच गप्प केलं. "त्यांनी लावलेलं रोप हाय, म्हणून त्यांनीच त्ये रोज उपटून बघायचं का, मुळं धरली का न्हाय म्हणून?" तात्या खिडकीबाहेर बघत होते. काकूंनी त्यांच्या हातात भाजलेल्या शेंगा ठेवल्या. त्यांनी घेतल्या, पण खाल्ल्या नाहीत. नंतर कितीतरी दिवस त्यांनी घंटेला हात लावला नाही. दुकानात गिऱ्हाइकाला मागितलेला दोर मागितल्या वेळी मिळू लागला, आणि ते पाहून मला फार वाईट वाटायचं.

तात्या गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या दुखण्याआधी काही महिने त्यांना निरवांगीला जावंसं वाटलं, म्हणून मी त्यांना घेऊन गेलो. वेशीजवळचं घर चुन्यानं पांढरं केलेलं होतं. अंगणात दोरीवर लंगोट वाळत होते. जुनी नर्स बदलून तिच्या जागी कुठूनशी वऱ्हाडातली एक तरुण मुलगी आली होती. आम्ही पायरी चढलो तशी ती दारात आडवी झाली.

"पुरुषांनी आत यायचं नाही," ती म्हणाली. "कोणाकडं आलात? तुम्ही कोण?"

आतून एक नवं बाळ टाहो फोडून रडत होतं. मी चिडून म्हणालो, "अहो, हे कोण आहेत ठाऊक आहे का तुम्हाला? हे म्हणजे…" तात्यांनी माझा हात दाबला.

"कुणी न्हाय, बाई," ते म्हणाले. "वाटंनं चाललो हुतो. रडं ऐकू आलं म्हणून थांबलो." आणि दोन पायऱ्या उतरून बाहेर लिंबाच्या सावलीत जाऊन बसले.

मी धुमसत होतो. काय ही कृतघ्नता, भिंतीवर नाव नाही, फोटो नाही, साधं ओळखणारं माणूस नाही, असं काहीबाही मी बोलत होतो. तात्यांचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. दाराकडं पाहत ते हसत होते आणि डोळ्यांतलं पाणी कोटाच्या बाहीला पुसत होते.

"मला वळखलं न्हाय तिनं," ते म्हणाले. "मास्तर, आता झाली बघा संस्था."